गोळीच्या आधी आणि गोळीच्या नंतर

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सायलोसायबिन या द्रव्यावर सुमारे पंचवीस वर्षं संशोधन चालू आहे. तिथली प्रयोगाची खोली दवाखान्यातली वाटत नाही. सोफा आहे, मंद दिवे आहेत, भिंतीवर चित्रं आहेत. सकाळी आलेला माणूस पाण्याबरोबर एक कॅप्सूल घेतो, डोळ्यांवर पट्टी बांधतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि आडवा होतो. शेजारी दोन माणसं दिवसभर बसून राहतात. पुढचे पाच-सहा तास बाहेरून पाहणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. मधेच डोळे पाझरतात, मधेच हसू येतं, कधी तो हात पुढे करतो आणि शेजारी बसलेलं कुणीतरी तो धरून ठेवतं. संध्याकाळी घरचं माणूस येऊन त्याला घेऊन जातं. यातले पुष्कळ जण पुढे कित्येक महिन्यांनी सांगतात, की तो दिवस आपल्या आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण दिवसांपैकी एक होता.

हे घडतं कसं, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो: त्या कॅप्सूलचा वाटा मोठा आहे, पण तिच्याआधी आणि तिच्यानंतर जे केलं जातं ते वगळलं तर हाती फारसं काही उरत नाही. आदिवासी वैदूंना हे ठाऊक होतं, योगमार्गाला ठाऊक होतं. आधुनिक मानसोपचाराला ते बऱ्याच ठेचा खाऊन कळलं.

आधी रसायन. सायलोसायबिन काही जातींच्या रानअळंब्यांमध्ये असतं. ते पोटात गेलं की शरीर त्यातला फॉस्फेटचा तुकडा तोडून टाकतं आणि सायलोसिन तयार होतं. खरं काम या सायलोसिनचं. मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनाशी त्याची घडण खूप जुळते, त्यामुळे सेरोटोनिनसाठी असलेल्या ‘५-एचटी-२ए’ नावाच्या रिसेप्टरवर ते जाऊन बसतं. हे रिसेप्टर मेंदूच्या बाहेरच्या थरात, विशेषतः माहितीची जुळणी करणाऱ्या भागांत दाट असतात. झुरिचमध्ये फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवून दिलं, की केटॅन्सेरिन नावाचं औषध आधी देऊन हा रिसेप्टर अडवला तर सायलोसायबिनचा मानसिक परिणाम जवळजवळ होतच नाही. म्हणजे किल्ली कुठल्या कुलपाला लागते ते नक्की झालं. परिणाम वीस ते चाळीस मिनिटांत जाणवू लागतो, दीड-दोन तासांत भरात येतो आणि सहा तासांच्या आसपास ओसरतो.

पण कुलूप उघडल्यावर आत काय होतं? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये मेंदूतल्या एका जाळ्याचं वर्णन केलं. त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. आपण काहीच काम करत नसतो तेव्हा हे जाळं जोरात चालू असतं. काल कोण काय बोललं, उद्या काय होईल, लोक मला काय समजतात, असा ‘मी’भोवती फिरणारा सगळा विचार याच्याशी जोडलेला आहे. नैराश्यात हाच विचार पावसाळ्यातल्या गाडीवाटेसारखा होतो. चाकं एकदा चाकोरीत रुतली की बैलांनी कितीही जोर लावला तरी गाडी त्याच चाकोरीतून जाते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सायलोसायबिन दिलेल्या लोकांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा या जाळ्याच्या मुख्य केंद्रांमधली हालचाल मंदावलेली दिसली. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की एरवी एकमेकांशी कमी बोलणारे भाग त्या वेळात जास्त बोलू लागतात. ‘मी’ची पकड सैल होते आणि चाकोरीबाहेरून जायला थोडा वेळ वाव मिळतो.

वाव मिळाला म्हणून गाडी योग्य ठिकाणी जाईलच असं नाही. सगळी गोष्ट इथे अडते, आणि इथूनच आपल्याला मेक्सिकोत जावं लागतं.

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या डोंगरांत वाउत्ला दे हिमेनेस नावाचं गाव आहे. तिथल्या माझातेक लोकांत मारिया साबिना ही वैदू होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं आणि आजाराचं कारण उमगेना, की लोक तिच्याकडे येत. मग रात्री, अंधारात, धूप जाळून ‘वेलादा’ म्हणजे जागरण व्हायचं. तिच्या लोकांत या अळंब्यांना पवित्र मुलं म्हणत. ती स्वतः अळंबी खायची आणि रात्रभर गात राहायची. कारण शोधायचं तिने, रुग्णाला धरून ठेवायचं तिने, पहाटेपर्यंत सोबत करायची तिने. देव दिसावा किंवा मन विशाल व्हावं म्हणून या जागरणाला कुणी येत नसे. दुखणं होतं म्हणून लोक येत.

१९५५ च्या जूनमध्ये गॉर्डन वासन हा न्यूयॉर्कचा बँक अधिकारी तिथे पोचला. अळंब्यांचा त्याला ध्यास होता. आपल्या मुलाची खुशाली कळावी असं कारण त्याने सांगितलं आणि त्याला जागरणात बसू दिलं गेलं. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा सचित्र लेख आला. मारिया साबिनाचं नाव त्याने बदललं होतं, तरी लोकांनी गाव शोधून काढलंच. साठच्या दशकात परदेशी तरुणांचे लोंढे येऊ लागले. पोलीस आले, गावकऱ्यांचा रोष तिच्यावर वळला, तिचं घर जाळलं गेलं. परके लोक आल्यापासून पवित्र मुलांची ताकद गेली, असं तिने उतारवयात सांगितलं. १९८५ मध्ये ती वारली. या विषयावर लिहिताना तिचं ऋण आधी मान्य करायला हवं. आज कंपन्या ज्या द्रव्यावर कोट्यवधी डॉलर लावतात, ते जगाला तिच्या झोपडीतून मिळालं. मोबदल्यात तिला मिळाली गावाची नाराजी.

वासनच्या खटपटीतून ती अळंबी युरोपात पोचली. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमान यांनी १९५८ मध्ये त्यांतून सायलोसायबिन वेगळं काढलं. एलएसडी हेही याच हॉफमान यांचं. १९३८ मध्ये बनवलेलं, आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याचा गुण अपघाताने कळलेला. १९६२ मध्ये हॉफमान स्वतः सायलोसायबिनच्या गोळ्या बरोबर घेऊन मारिया साबिनाकडे गेले. या गोळ्यांमध्ये पवित्र मुलांचीच शक्ती आहे, असा निर्वाळा तिने दिला. रसायन बरोबर होतं. तिची रात्रभराची सोबत मात्र गोळीत भरता येण्यासारखी नव्हती.

त्याच वर्षी बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये गुड फ्रायडेची प्रार्थना चालू असताना वॉल्टर पान्के या संशोधकाने वीस धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सायलोसायबिन, दहा जणांना निकोटिनिक ॲसिड. सायलोसायबिन मिळालेल्या बहुतेकांनी गूढ धार्मिक अनुभवाचं वर्णन केलं आणि हा प्रयोग गाजला. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं. बहुतेकांसाठी तो दिवस अजूनही मोलाचा होता. पण एकाची अवस्था इतकी बिघडली होती की त्याला शामक इंजेक्शन द्यावं लागलं होतं, आणि पान्के यांनी ते प्रबंधात लिहिलंच नव्हतं, हेही तेव्हा बाहेर आलं. या क्षेत्राची ही जुनी खोड आहे. भल्या अनुभवांचा गाजावाजा होतो, बुऱ्याची नोंद राहून जाते.

१९७० मध्ये अमेरिकेने आणि १९७१ च्या करारातून संयुक्त राष्ट्रांनी या द्रव्यांवर कडक निर्बंध आणले. संशोधन जवळपास थांबलं. ते पुन्हा सुरू करणाऱ्यांत रोलंड ग्रिफिथ्स हे नाव महत्त्वाचं. ते हॉपकिन्समध्ये व्यसनांच्या औषधशास्त्रावर काम करणारे मान्यवर संशोधक होते. नव्वदच्या दशकात ते सिद्धयोगाच्या ध्यानाकडे वळले. या परंपरेचा उगम आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीचा, स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमातला. ध्यानात जे घडतं ते प्रयोगशाळेत तपासता येईल का, या कुतूहलापोटी ते सायलोसायबिनपर्यंत आले. २००६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अशी द्रव्यं कधी न घेतलेले ३६ स्वयंसेवक त्यात होते. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांमध्ये बसवला. जवळजवळ एक तृतीयांश जणांना त्या दिवशी काही काळ तीव्र भीती वाटली होती, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिलं.

आता या उपचाराची रीत बघू. पहिला टप्पा गाळणीचा. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल तर नाव वगळलं जातं, कारण मनाचा तोल जाऊन तो परत न येण्याचा धोका अशांना खरा असतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब असला तरी नाही, कारण या द्रव्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. चालू औषधं तपासली जातात. लिथियमबरोबर अशी द्रव्यं घेतल्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत.

दुसरा टप्पा तयारीचा. २००६ च्या अभ्यासात या बैठका एकूण आठ तासांच्या होत्या. यात माणूस आपलं आयुष्य त्या दोन सोबत्यांपुढे मांडतो. बालपण, राहून गेलेल्या गोष्टी, गेलेली माणसं, कशाची धास्ती आहे. सोबती सांगतात की त्या दिवशी काय काय होऊ शकतं: वेळ थांबल्यासारखा वाटेल, आपण मरतो आहोत असं वाटेल, आपण वेडे होतो आहोत असंही वाटेल. विल्यम रिचर्ड्स या ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांनी घालून दिलेली शिकवण अशी, की समोर काही भयंकर आलं तर पळायचं नाही, त्याच्याकडे जायचं आणि तू इथे कशाला आलास असं त्याला विचारायचं. त्या क्षणी विश्वास ठेवता यावा, यासाठी ती आठ तासांची ओळख असते.

तिसरा टप्पा तो दिवस. सोबती फार बोलत नाहीत, उपदेश तर करतच नाहीत. संगीत आधीपासून क्रमवार लावलेलं असतं. सुरुवातीला शांत, मध्यावर भरगच्च, शेवटी परत मायदेशी आणणारं. डोळ्यांवरची पट्टी लक्ष आत वळवण्यासाठी. कुणाला वारलेले वडील भेटतात, कुणाला लहानपणचं घर, कुणाला नुसता प्रकाश, कुणाला दोन तास निव्वळ रडू. काहींना ‘मी’ आणि बाकीचं जग यांतली सीमाच नाहीशी झाल्यासारखी वाटते. अशा अनुभवाची लक्षणं विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच नोंदवली होती: शब्दांत सांगता न येणं, काहीतरी खरं कळल्याची खात्री, अल्पकाळ टिकणं, आणि आपण केलं नाही, आपल्याला ते झालं ही भावना. हॉपकिन्समध्ये वापरतात त्या तीस प्रश्नांच्या प्रश्नावलीमागे याच धाग्यातला पुढचा अभ्यास आहे. अनेक अभ्यासांत असं दिसतं, की या प्रश्नावलीत ज्यांचे गुण जास्त, त्यांना नंतर आराम जास्त.

चौथा टप्पा सगळ्यात कमी चर्चेतला, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. दुसऱ्या दिवसापासून माणूस पुन्हा त्याच सोबत्यांना भेटतो. काय दिसलं ते सांगतो, लिहून काढतो, आणि मग प्रश्न येतो: यातलं रोजच्या जगण्यात काय उतरवायचं? वडिलांना माफ केलं असं त्या दुपारी वाटलं असेल, तर आज त्यांना फोन करणार का? दारू सोडायची असं कळलं असेल, तर आज संध्याकाळी कुठे बसणार? हे काम साध्या मानसोपचाराचं आहे. संथ आहे, कष्टाचं आहे. ते झालं नाही तर तो अनुभव सुट्टीतल्या फोटोंसारखा मागे पडतो, आणि काही जण तोच पुन्हा मिळावा म्हणून पुन्हा पुन्हा गोळीच्या मागे लागतात.

परंपरांशी तुलना मला इथेच सार्थ वाटते. पतंजलींच्या योगसूत्रांत चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धी कशाकशाने मिळतात ते सांगताना जन्म, मंत्र, तप, समाधी यांच्या रांगेत औषधीही आहे. म्हणजे वनस्पतीने चित्त बदलतं हे आपल्याकडे कुणी नाकारलं नाही. पण थोडं पुढे तेच सूत्रकार सांगतात की या सर्वांत ध्यानातून घडलेलं चित्तच मागे संस्कारांचा साठा ठेवत नाही. औषधीने दार उघडेल, साठा तसाच राहील. म्हणून योगमार्गात यम-नियम आधी, गुरू सोबत आणि अभ्यास नंतर. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी अर्ज भरतानासुद्धा मानसिक आजाराचा आणि व्यसनाचा इतिहास विचारतात. तीही गाळणीच आहे, कारण दीर्घ मौनातल्या ध्यानानेही काही जणांची मनं हादरतात आणि संशोधकांनी त्याच्या नोंदी केल्या आहेत.

ध्यान आणि सायलोसायबिन दोन्हीत डिफॉल्ट मोड नेटवर्क मंदावतं, म्हणून दोन्ही एकच, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते घाईचं वाटतं. ध्यान करणारा हळूहळू, स्वतःच्या अभ्यासाने तिथे जातो आणि केव्हाही डोळे उघडू शकतो. गोळी घेतलेल्याला सहा तास परतीचा रस्ता नाही. पण दोन्ही एकमेकांना पूरक ठरू शकतात, हे झुरिचच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. ३९ अनुभवी साधकांचं पाच दिवसांचं शिबिर होतं. चौथ्या दिवशी काहींना सायलोसायबिन दिलं, काहींना निरुपद्रवी गोळी. ज्यांना द्रव्य मिळालं त्यांचं ध्यान खोल गेलं, भीतीही फारशी वाटली नाही. वर्षानुवर्षांची साधना पाठीशी होती हे त्यामागचं मोठं कारण असावं.

गोळीवाचूनचाही एक रस्ता आहे. प्रागचे मनोविकारतज्ज्ञ स्टानिस्लाव्ह ग्रोफ यांनी एलएसडीच्या साहाय्याने शेकडो रुग्णांवर उपचार केले, १९६७ मध्ये अमेरिकेत आल्यावर मरणासन्न कर्करुग्णांबरोबर काम केलं. बंदी आल्यावर त्यांनी आणि त्यांची पत्नी ख्रिस्तिना यांनी जलद, खोल श्वसनाची पद्धत बसवली. ख्रिस्तिना मुक्तानंदांच्या शिष्या होत्या, आणि १९८२ मध्ये या दांपत्याच्या संस्थेची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली होती. या पद्धतीत एक जण आडवा होऊन श्वास घेतो, दुसरा सोबत बसतो, संगीत चालू असतं, शेवटी चित्र काढून बोलायचं. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातापायांना मुंग्या येतात आणि जाणीव बदलू लागते. द्रव्य गेलं, बाकीची रचना जशीच्या तशी राहिली. फीट येणाऱ्यांनी, हृदयरोग्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

फायदा खरंच होतो का? हॉपकिन्समध्ये २०१६ च्या अभ्यासात जिवावरच्या कर्करोगाने खचलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांची चिंता आणि नैराश्य सहा महिन्यांनंतरही लक्षणीय कमी होतं. ही आशा मोठी आहे. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरची चाचणी आली. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात २५ मिलिग्रॅमचा एक डोस तीन आठवड्यांनी नक्की उजवा ठरला, पण बारा आठवडे टिकलेला आराम पाचांतल्या एकातच दिसला. २०२१ मध्ये एसिटॅलोप्राम या नेहमीच्या गोळीशी तुलना केली, तेव्हा मुख्य मोजपट्टीवर ठळक फरक निघाला नाही. एक मूलभूत अडचणही आहे: कुणाला खरं द्रव्य मिळालं हे अर्ध्या तासात रुग्ण आणि सोबती दोघांनाही कळतं, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. एमडीएमए या वेगळ्या द्रव्याला अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारली, त्या वेळीही ही अडचण चर्चेत होती. त्याच द्रव्याच्या कॅनडातल्या एका चाचणीत थेरपिस्टने रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. सहा तास मन उघडं टाकून पडलेल्या माणसाशेजारी कोण बसतं, याला म्हणून इतकं महत्त्व आहे. एका खोलीत नेहमी दोन सोबती ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. माझा कौल असा, की ही पद्धत काही विशिष्ट दुखण्यांवर उपयोगी ठरेल, पण प्रशिक्षित सोबतीशिवाय ती विकली जाऊ लागली तर साठच्या दशकातला गोंधळ पुन्हा होईल.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए मोजक्या आजारांसाठी लिहून देता येतं. भारतात तसं नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली सायलोसायबिन आणि एलएसडी जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि एलएसडीच्या बाबतीत ०.१ ग्रॅमच्या वर किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद सुरू होते. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा डोंगरातल्या होम-स्टेमध्ये जे मिळतं त्यात नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि वर सांगितलेल्या चार टप्प्यांपैकी एकही तिथे नसतो. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर असे लेख वाचून ती स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांशी बोला. जवळ कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.